टिबुकल्या मोजणारा मामा

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा रडू यायच्या आधी मी विचारलं, "घरी कुणी आलं होतं का?" कुणीच आलं नव्हतं. परळच्या चाळीतल्या खोलीत दुपारचं जेवून आडवा झालेला माझा मामा झोपेतच गेला होता. तरी आज पाच आठवड्यांनंतरही दार वाजलं की मी दचकते...

हॉस्पिटलातली वॉर्डबॉयची नोकरी संपल्यावर मामाला पक्ष्यांचं वेड लागलं. खाडीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी खडीच्या बंद पडलेल्या खाणी आहेत. त्यांत पाणी साचून तळी झाली, काठाला पाणकणीस उगवलं, पक्षी आले. दर रविवारी मामा मला तिथं न्यायचा. टिबुकली म्हणजे बदकाहून लहान पाणपक्षी; ती इथं बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तो तीनदा मोजायचा आणि सगळ्यांत लहान आकडा वहीत लिहायचा. मी चिडायचे. "मोर्च्यांची पत्रकं वाचून मोठी झालीस ना तू, तुला सगळं हजारांतच लागतं," तो हसायचा.

तळी बांधकामाचं डेब्रिज टाकून बुजवणार असं कळलं, तेव्हा पत्रक मीच लिहिलं. निनावी पत्रक म्हणजे भेकडपणा, हे माझं तत्त्व. म्हणून मोजणी करणाऱ्याचं नाव आणि पत्ता छापला... मामाचा. त्याला न विचारता. माझं नाव कुठंच नव्हतं. खाली नुसतं 'कृती समिती'.

आठवड्याभरात दोघं जण खोलीवर आले. मी तिथंच होते. "काका, या वयात कशाला फिरता तिकडे? खाण खोल आहे."

"पोहता येतं मला. चहा घेणार?" मामा म्हणाला.

त्याला पोहता येत नव्हतं. पुढच्या रविवारी तो पाण्यापासून चार पावलं मागे उभा राहिला.

आता तळी बुजवण्याविरुद्धच्या अर्जावर सुनावणी आहे. मोजणी पुढे चालवणारं माणूस नाव-पत्त्यासकट समोर हवं. अर्जावर मी माझं नाव लिहिलं. मामीला सांगितलं तर ती ओरडलीच, "त्याला घाबरवून घाबरवून संपवला, आता तू जा!"

रविवारी सकाळी मामाची दुर्बीण मागायला गेले. मामी मामाचे कॅनव्हासचे बूट घालून दारात उभी होती. सैल होत होते म्हणून पुढे कागद कोंबलेले.

"तो कुठं उभा राहायचा ते दाखव," ती म्हणाली. "तू मोज. मागून कोण येतंय ते मी बघते."