अण्णांचं पान आणि बनशंकरीचे कावळे

आमच्या सासऱ्यांचा जगात एकाच प्राण्यावर राग होता, आणि नेमका तोच प्राणी जेवायला आल्याशिवाय त्यांचं वर्षश्राद्ध पुरं होणार नव्हतं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात राहिलेलं मराठी घर. जयनगरला नोकरी, बनशंकरीला घर आणि घराच्या गच्चीवर जीव. तिथे गुलाब होते, टोमॅटो होते, अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा मांडव होता. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक झाड होतं. सासूबाईंच्या नावाचा मोगरा, माझ्या बायकोच्या, म्हणजे विद्याच्या नावाची जाई. मी पुण्याहून महादेवपुऱ्यातल्या नोकरीसाठी आलो आणि जावई होऊन याच घरात राहिलो, तेव्हा माझ्या नावाने त्यांनी एक निवडुंग लावला. (‘याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं,’ असं त्यांनी प्रेमाने समजावून सांगितलं.)

रोज सकाळी मोगऱ्याचं पहिलं फूल ते खाली आणून सासूबाईंच्या चहाच्या कपाशेजारी ठेवत आणि एक शब्दही न बोलता पेपर उघडत. सासूबाईही एक शब्द न बोलता ते फूल माळत. दोघांचा संसार मी एवढाच पाहिला, पण तेवढा पाहूनही मला हेवा वाटायचा.

कावळ्यांनी मात्र अण्णांचा छळ मांडला होता. घरट्यासाठी कुंड्यांतला काथ्या उपसायचे, कोवळी रोपं मुळासकट उपटायचे, टोमॅटो एकेक टोच मारून सोडून द्यायचे. पुढे अण्णांचे गुडघे गेले आणि माझं ऑफिस घरी आलं.

“अहो प्रसाद, त्या मीटिंगा तुम्ही खोलीत कशाला करता? स्वल्प वर येऊन बोला की,” अण्णा म्हणाले. “बोलताना तुम्ही हात फार उडवता. कावळे येणार नाहीत.”

त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मग मी दिवसभर गच्चीवर, कानाला हेडफोन आणि हातात बांबू. साहेब पलीकडून प्रोजेक्टबद्दल विचारतोय आणि मी ‘हाड हाड’ करत टोमॅटोच्या दिशेने धावतोय, असं बराच काळ चाललं. एका कावळ्याने डोक्यात टोच मारल्यावर मी हेल्मेट घालायला लागलो. पण तोवर माझा चेहरा त्यांना पाठ झालेला असणार. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग अण्णा गेले, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी, त्यांना मुलगा नाही म्हणून, सगळं मीच केलं. पंचा नेसलो, गुरुजी सांगतील ते म्हटलं, आणि खीर, वडे, भात वाढलेलं अण्णांचं पान गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर पाच-सात कावळे बसले होते. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम कालवा सुरू केला.

“काही इच्छा राहिली असेल,” गुरुजी म्हणाले. “बोला काहीतरी.”

विद्या पुढे झाली. “अण्णा, बाग सुकू देणार नाही.” एक कावळा उडून कठड्याच्या टोकाला आला. मी घाईने हात जोडून तिच्याशेजारी उभा राहिलो, तर तो उलटपावली टाकीवर गेला.

“जावयांबद्दल काही असावं,” गुरुजी हळूच म्हणाले.

मी तसा देवभोळा नाही, पण अण्णांना जिवंतपणीही मी घाबरून होतो, आणि आता तर ते कुठून बघताहेत तेही कळत नव्हतं.

“अण्णा, शेणखत मी आणीन,” मी म्हणालो. कावळे ओरडले. “दर आठवड्याला आणीन!” आणखी ओरडले. “गांडूळखताच्या पिंपात हातमोजे न घालता हात घालीन!” (गांडूळ दिसलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.) “एसीची पेटी गच्चीवर बसवणार नाही!”

“ती बसवणार होतास तू?” विद्याने विचारलं.

मी उत्तर देणार इतक्यात सासूबाईंकडे लक्ष गेलं आणि माझी भीती एकदम वेगळी झाली. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. कपाळावर घाम, मांडीवरचे हात थरथरत होते. सवयीने सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि त्यानंतर पोटात काही नव्हतं.

“आई, हे एवढं खाऊन घ्या,” मी साखरेचा डबा घेऊन धावलो.

“नको. ह्यांच्या आधी मी कधी जेवले नाही. आज जेवू?”

“साखर म्हणजे जेवण नाही हो!”

“नको म्हटलं ना.” त्यांचा आवाज खोल गेला होता. विद्या रडायला लागली. खरंच सांगतो, त्या वेळी मी अण्णांची विनवणी केली नाही, त्यांच्यावर चिडलो. बाई पडतील इथे, या की आता.

कावळे काही येईनात. मी त्यांच्याकडे बघायचो, ते माझ्याकडे. विद्याने डोळे पुसले, एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“प्रसाद, तू खाली जा.”

“मी? आईंना अशा सोडून?”

“अरे, ते तुला ओळखतात. तुला घाबरून येत नाहीयेत. जा!”

मी जिन्यात जाऊन डोकावलो. “दिसतोयस!” वरून आवाज आला. फाटकाशी गेलो. “तिथूनही दिसतोयस!” मग कोपऱ्यापर्यंत पळालो. उघडा, पंचा नेसलेला माणूस धावताना पाहून एक रिक्षा आपणहून थांबली. मी शिरलो आणि सीटखाली वाकून बसलो.

“एल्लिगे सार?” त्याने विचारलं. कुठे जायचं, हे मलाही ठाऊक नव्हतं. ‘सासूबाईंना काही झालं तर’ एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात गच्चीवरून विद्या ओरडली, “शिवला! प्रसाद, शिवला!”

मी धापा टाकत वर पोचलो. सासूबाई खिरीचे घास घेत होत्या. हात अजून थोडे थरथरत होते, पण चेहऱ्यावर रंग परत येत होता. मी त्यांच्या पायाशी फतकल मारून बसलो आणि मला रडूच फुटलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं.

“सरी, सरी. बरं, झालं ना आता?” त्या म्हणाल्या. “बघा, आले की नाही हे?”

मी मान हलवली. कावळे फक्त माझ्या तोंडाला भ्यायले होते. त्यांनी माझ्याकडे एकही वचन मागितलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं आणि फार हलकं वाटलं.

सासूबाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली, खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “प्रसादराव, त्या गांडुळांच्या पिंपात हात आज घालताय की उद्या?”