साटमकाका मागे फिरले नव्हते

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. कितीदा तोंडापर्यंत आलं, आणि मी दुसरंच काहीतरी बोललो. आज लिहितोय. कुठून सुरुवात करू? सायकलींपासून करतो. त्यांच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी विरारला मनवेलपाड्यात राहायचो. अजूनही तिथेच राहतो, त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या भागात जुन्या सायकलींचं वेड असलेले सात-आठ जण होते. जुन्या म्हणजे खऱ्या जुन्या, विलायती. रॉडचे ब्रेक, चामड्याची सीट, चाकाला घासून दिवा लावणारा डायनामो. कोणाला आजोबांकडून आलेली, कोणी भंगारातून उचलून आणलेली. देसाई नावाचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर आमचे म्होरके. पाऊस सरला, रस्ते सुकले की वर्षातून एका रविवारी सगळ्यांनी मिळून निघायचं, रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला, सोपारा, गास, निर्मळ करत कळंबच्या किनाऱ्यापर्यंत. तिथे उसळ-पाव खायचा आणि परत यायचं. एवढंच.

साटमकाका माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे कणकवलीकडचे. म्युनिसिपालिटीत नोकरी, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. त्यांची सायकल त्यांच्या वडिलांची. रविवारी सकाळी ती जिन्याखाली उभी करून ते तिला तेल घालायचे, एकेक तार फडक्याने पुसायचे. माणूस भला. फक्त बोलायचे फार. आणि सायकल चालवायचे अगदी हळू.

त्यांना एकच मुलगी—वैशाली. शाळेत शिकवायची. तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं आणि तिने घरात सांगितलं होतं की तिला तिच्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी लग्न करायचंय. मुलगा गासचा, ख्रिश्चन. मग काय होणार? वरच्या मजल्यावरचा आवाज माझ्या छतातून खाली यायचा. काकी रडायच्या, वैशाली बोलायची, काकांचा आवाज मात्र कधी ऐकू यायचा नाही. आमच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळीही असंच झालं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या रविवारी—दसरा नुकताच झाला होता—आम्ही सहालाच निघालो. देसाई मास्तरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "अविनाश, साटमांच्या मागे तू राहा. वय झालंय त्यांचं. एकटं सोडू नको."

मी हो म्हणालो. पण मनातून चिडलो होतो. का, ते सांगायला लाज वाटते. कळंबला आठ वाजता आमच्या सायकलींचा फोटो काढायला एका स्थानिक साप्ताहिकाचा फोटोग्राफर येणार होता. मी माझ्या सायकलीवर महिनाभर खपलो होतो. मडगार्ड रंगवले होते, हँडलला नवं निकेल चढवून आणलं होतं. मला त्या फोटोत पुढे उभं राहायचं होतं. एकतीस वर्षांचा बाप्या मी, आणि मला फोटोत पुढे उभं राहायचं होतं.

सोपारा मागे पडलं. दोन्हीकडे भात पिवळं झालेलं, काही शेतांत कापणीही सुरू झालेली. बाकीचे पुढे निघून गेले, त्यांच्या घंट्याही ऐकू येईनात. काका आपले रमतगमत. गास जवळ आलं तसे ते आणखीच हळू झाले. वाडीतल्या एका कौलारू घरासमोर तर सायकलवरून उतरले. अंगणात केळी, चिकूची झाडं, माणसं चर्चला जायच्या घाईत. काका कुंपणाबाहेरून बघत राहिले.

मला वाटलं, आता हे कोणाशी तरी गप्पा मारणार. मी म्हणालो, "काका, चला ना."

ते निघाले. पण माझ्या शेजारून चालवत बोलायला लागले. ते घर त्या मुलाचं होतं. वैशालीने खाणाखुणा सांगितल्या होत्या म्हणे. यावेळी ते फेरीला आले होते ते समुद्रासाठी नव्हे, ते घर बघण्यासाठी. वैशालीला किंवा काकींना यातलं काही बोलले नव्हते. सगळं मालवणी-मराठी मिसळून चाललं होतं. मी अर्धवट 'हं हं' करत होतो, घड्याळ बघत होतो. पण ऐकलं मी. ऐकलं नाही असं आता म्हणता येणार नाही, कारण शब्द पाठ आहेत.

"पोरगो बरो असा, अविनाश. मी चौकशी केलंय. जांवदे. पोरीच्या मनासारखा होवंदे. आज घरी गेलो की तिला सांगतो. तिच्या आईला मी समजावीन."

केवढे खुशीत होते. हसत होते.

गास सोडून थोडं पुढे, ओढ्यावरच्या मोरीपाशी ते पुन्हा उतरले. सायकल स्टँडला लावली आणि कठड्यावर बसले. म्हणाले, "जरा थांब रे. घाम फार येतोय."

सकाळची वेळ. हवेत अजून गारवा होता. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. चेहरा कसातरीच झाला होता, राखेसारखा. उजवा हात छातीवर नेऊन ते चोळत होते. हे सगळं मी बघितलं. यातलं मला काही दिसलं नाही, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. दिसलं होतं.

आणि मी काय म्हणालो? "बसा तुम्ही. मी पुढे होतो. या सावकाश."

ते म्हणाले, "अविनाश, थांब ना जरा." मोठ्याने नाही म्हणाले. मी पायडलवर उभा राहिलो आणि निघालो. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कळंबला पोचलो तेव्हा फोटोग्राफर आलेला होता. मास्तरांनी विचारलं, साटम कुठे? आता बघा, अजूनही काही बिघडलं नव्हतं. 'मोरीवर बसलेत, बरं दिसत नाहीत' एवढंच म्हटलं असतं तर मास्तर त्याच पावली कोणालातरी घेऊन निघाले असते. पण मग 'त्यांना का सोडून आलास?' असं मला विचारलं गेलं असतं. सगळ्यांसमोर.

मी म्हणालो, "गास ओलांडलं आणि ते मागे फिरले. रात्रभर झोप नव्हती म्हणाले. घरात काहीतरी वाद झालाय ना... मन लागत नाही म्हणाले. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाले."

किती सहज आलं! आदल्या संध्याकाळी छतातून ऐकलेलं कामी आलं. एका खोट्याला चार खोट्यांचा टेकू लागतो, तो मी एका दमात दिला. मास्तरांनी मान हलवली. फोटो काढला गेला. पुढच्या आठवड्यात छापूनही आला. मी पुढे उभा आहे, हसतोय. तो फोटो काढत होते तेव्हा काका कुठे होते, हे मला आता माहीत आहे.

परतताना मीच सगळ्यांच्या पुढे होतो.  मोरीपाशी माणसं जमलेली दिसली. चर्चमधून परतणाऱ्या लोकांना काका रस्त्याकडेला आडवे पडलेले सापडले होते. त्यांनी रिक्षात घालून नालासोपाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. रिक्षा येईपर्यंत एक म्हातारी बाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती अजून तिथेच उभी होती, लुगड्याच्या पदराने हात पुसत होती.

"पानी पाजलं," ती मला म्हणाली, "पन घोट उतरला नाय. शेवटपर्यंत त्या रस्त्याला बघत होता." आणि तिने हात केला तो निर्मळच्या दिशेने. जिकडे मी गेलो होतो तिकडे.

काकांची सायकल स्टँडवर तशीच उभी होती. तिचंही तोंड निर्मळकडेच. माझ्या मागचे अजून वळणापलीकडे होते.

मी स्टँड काढला, सायकल वळवली आणि सोपाऱ्याकडे तोंड करून पुन्हा उभी केली.

हे का केलं? तेव्हा विचारही केला नव्हता. हात आपोआप चालले. माणसाचे हात असे आपोआप चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तर आले, त्यांनी सायकल बघितली आणि म्हणाले, "बिचारा घरीच निघाला होता." 

दवाखान्यात नेईपर्यंत काका गेले होते. अर्धा तास आधी नेलं असतं तर वाचले असते का? मला माहीत नाही. डॉक्टरांना मी कधी विचारलं नाही. उत्तर 'हो' आलं असतं तर?

मी सांगितलेलं सगळं त्याच दुपारी वरच्या मजल्यावर पोचलं होतं. काकींनी ते एकदा माझ्या तोंडून ऐकायला मागितलं. खोलीत बायका बसल्या होत्या, वैशाली भिंतीला टेकून होती. मी तेच शब्द पुन्हा म्हणालो. झोप नव्हती. मन लागत नव्हतं. गास ओलांडलं आणि मागे फिरले. काकींनी ऐकून घेतलं, मग मान वळवून मुलीकडे बघितलं.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "त्या गावाची शीव बघितली आणि त्यांचं काळीज फाटलं."

मी तिथेच बसलो होतो. दोन्ही हात मांडीखाली दाबून. माझ्याकडे वैशालीच्या बापाचे शब्द होते. ते त्या क्षणी तिला दिले असते तर? पण खुशीत असलेला माणूस मागे का फिरेल? ते बोलले ते गासमध्ये, त्या घरासमोरून निघाल्यावर. आणि माझ्या गोष्टीत तर ते गास बघून उदास होऊन परतले होते. खरं सांगायचं तर ते सगळंच सांगावं लागलं असतं. मोरी, घाम, 'थांब ना जरा'. मी उठलो आणि खाली आलो.

तेराव्यानंतर वैशाली मला जिन्यात भेटली. वाट बघत उभी असावी. चेहरा सुकला होता. तिने हळूच विचारलं, "दादा, आईसमोर विचारता येत नाही म्हणून... बाबा माझ्याबद्दल काही बोलले होते का?"

यापेक्षा सरळ प्रश्न असतो का हो?

मी म्हणालो, "नाही गं."

तिने मान डोलावली. "बरं," म्हणाली, आणि वर गेली.

तो मुलगा दोन वर्षं थांबला. त्याच्या घरची माणसं दोनदा येऊन गेली, रिक्षातून काकांना नेणाऱ्यांत त्याचा चुलता होता म्हणून काकींनी त्यांना पाणी दिलं, पण बोलणं पुढे जाऊ दिलं नाही. खरं म्हणजे काकी अडल्या असत्या तरी वैशाली ठाम राहिली असती, ती तशीच होती. पण आता तीच नको म्हणत होती. बापाला आपण मारलं, असं तिने धरून घेतलं होतं. तो मुलगा पुढे कुवेतला गेला, तिकडेच लग्न केलं असं ऐकलं.

वैशालीने लग्न केलं नाही. शाळा आणि आई. काकींनी तिला कधी शिव्या दिल्या नाहीत, हात उगारला नाही. फक्त काकांच्या फोटोला हार घालायची वेळ आली की त्या स्वतः उठायच्या. मुलीला घालू द्यायच्या नाहीत. दरवर्षी श्राद्धाला मला जेवायला बोलवायच्या, पहिल्या पंगतीत बसवायच्या, आणि दरवर्षी हे मी माझ्या ताटावरून बघायचो.

आणि भाऊबीज. पहिल्या वर्षी दुखवटा होता म्हणून दिवाळी झाली नाही. दुसऱ्या वर्षी ती ताट घेऊन खाली आली. म्हणाली, मला भाऊ नाही, आणि बाबांच्या शेवटच्या वेळी तुम्हीच होतात. माझ्या बायकोने पाट मांडला. मी बसलो. तिने ओवाळलं. तेव्हापासून दरवर्षी. तुम्ही म्हणाल, बसवलं कसं? बसवतं. सगळं बसवतं. पहिल्या वर्षी घशाखाली लाडू उतरला नाही, चौथ्या वर्षी दुसरा मागून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात काकी गेल्या. मी खांदा दिला. मनाशी ठरवलं होतं, आता सांगायचं. आता तिला आईला तोंड द्यायचं नाही, घर रिकामं झालंय, निदान हे तरी तिला मिळू दे. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी वर गेलो. दार उघडंच होतं. वैशाली जमिनीवर बसून पेपर तपासत होती. केस कानामागे पांढरे झालेत तिचे, छत्तिसाव्या वर्षीच. मला बघून उठली, पंखा लावला, चहा ठेवला.

चहा देताना म्हणाली, "बरं झालं आलात, दादा. आई गेल्यापासून मला एकच वाटतं. बाबा त्या दिवशी इतके दुखावले होते, तरी मला एका शब्दाने बोलले नाहीत. ती क्षमा मी मागायची राहिली."

मी चहा प्यायलो. शाळेचं विचारलं. मुलं किती आहेत वर्गात, ते विचारलं. कप उचलून मोरीत ठेवायला निघालो, तर तिने हातातून घेतला. मग मी खाली आलो. बायकोने विचारलं, कशाला गेला होतास? मी म्हणालो, सहज.

तिच्या बापाचे शेवटचे शब्द माझ्याकडे आहेत आणि मी ते तिला दिलेले नाहीत. ते दुखावलेले नव्हते. मी त्यांना सोडून गेलो. काल भाऊबीज होती. ती आली होती.