तगरीवरच्या अळ्या

हे गेले त्याच आठवड्यात आमच्या तगरीवर अळ्या पडल्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि वाशी नुकती वसत होती. आमचं घर तळमजल्यावर. खिडकीपासून फाटकापर्यंत ह्यांनी तगरीचं कुंपण लावलं होतं, बुद्धवंदनेला रोज घरची पांढरी फुलं मिळावीत म्हणून. बेलापूर रोडवरच्या कारखान्यातून घरी येताना कंपनीच्या बसमध्येच त्यांचं हृदय थांबलं. बरोबरच्या लोकांनी पिशवी आणून दिली. तिच्यात डबा होता, धुतलेला. डबा तिकडेच धुऊन आणायची त्यांची सवय. मी तो फडताळात ठेवला आणि चहाचं आधण चढवलं, कारण दारात माणसं आली होती.

मी रडले नाही. शेजारणींना ह्याची फार काळजी. ‘रडून मोकळी हो गं,’ म्हणत त्या माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, दूध कधी उतू जातंय ते बघावं तसं. मला काहीच वाटत नव्हतं. कुणी ऊठ म्हटलं की उठायचे, जेव म्हटलं की जेवायचे.

कोकणातून सासूबाई आल्या. त्या मनसोक्त रडायच्या, आणि रडता रडता मला अळी दाखवायच्या. रविवारी पुण्यानुमोदन होतं. गेलेल्या माणसासाठी घरी वंदना, मग जेवण. मुलाच्या फोटोपुढे त्याच्याच हातच्या झाडाची फुलं पाहिजेत, असा त्यांनी हट्ट धरला. कळ्या अजून शाबूत होत्या, पण अळ्यांचा झपाटा बघता रविवारपर्यंत नुसत्या काड्या उरल्या असत्या.

सोसायटीचे सेक्रेटरी वरच्या मजल्यावरून खाली आले. भला माणूस, पण प्रत्येक दुखण्यावर त्यांचं औषध एकच.

‘वहिनी, टेन्शन घेऊ नका. पावडर मारतो, एका दिवसात साफ!’

‘तोंडान पंचशील म्हनायचं नि हातान इख मारायचं?’ सासूबाई म्हणाल्या. ‘आनि ह्ये घरटं दिसत नाय तुमाला?’

शिंपी पक्ष्याच्या जोडीने तगरीचं पान शिवून आत घरटं केलं होतं. दोघं दिवसभर बारक्या अळ्या नेऊन पिल्लांना भरवत होती. पावडर त्यांच्याही पोटात गेली असती.

‘रविवारपतुर थांबा. आमी हातान येचतो.’

‘आमी’ म्हणजे मी. सासूबाईंना वाकवत नव्हतं.

त्या अळ्या पानासारख्या हिरव्या, सहज दिसायच्या नाहीत. म्हणून आधी जमीन बघायची. काळ्या लेंड्या ताज्या पडलेल्या दिसल्या की बरोबर वरची फांदी उचलायची. बोटाएवढी जाड अळी हाताला लागायची. धक्का लागला की ती फुगायची आणि तिच्या अंगावरचे दोन निळे ठिपके डोळ्यांसारखे मोठे व्हायचे. ‘बघ, कशी डोळं वटारत्ये!’ सासूबाई म्हणायच्या. एरवी मी किंचाळून घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा शेंगा तोडाव्यात तशा अळ्या तोडत होते.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी फडताळातून ह्यांचा डबा काढून माझ्यापुढे धरला. ‘ह्यात टाक. झाकन घट हाय.’ मी डब्याकडे बघितलं. डबा होता. त्यात अळ्या टाकल्या.

आधी त्या फाटकाबाहेर गवतात ओतल्या, तर कावळ्यांनी फडशा पाडला. ‘मग पावडर काय वायट होती?’ म्हणून सासूबाई माझ्यावरच चिडल्या. पुढच्या खेपेला पाण्याच्या टाकीमागे माजलेल्या कण्हेरीवर सोडल्या. त्यांनी लगेच पानं खायला सुरुवात केली. मग रोज सकाळ-संध्याकाळ टाकीपर्यंत फेऱ्या घातल्या. कुणीतरी सांगितलेलं काम होतं, एवढंच.

रविवारी ताटलीभर फुलं निघाली. सेक्रेटरींनीही दोन्ही हातांनी फुलं वाहिली. वंदना चालू असताना बाहेर कुंपणात पिल्लांचा कलकलाट चालला होता. शेजारणी पुन्हा माझ्याकडे बघत होत्या. त्यांची निराशाच झाली असणार.

रात्री सासूबाईंनी डबा चिंच लावून घासला आणि उघडाच ओट्यावर ठेवला. सोमवारी सकाळी मी सवयीने कुंपणाखाली बघून आले. एकही लेंडी नव्हती. पाहुणे गेले होते, एवढे दिवस शेजारून येणारं जेवणही आता बंद झालं होतं. मी स्टोव्ह पेटवला. पोळ्या केल्या, भेंडीची भाजी केली. ओट्यावर डबा होता. तो भरला, झाकण दाबून लावलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले.

कंपनीची बस आली. वळणावर हळू झाली आणि निघून गेली.

डबा माझ्या हातात गरम लागत होता. सासूबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी मला पायरीवर बसवलं, डबा उघडला आणि एक घास खाल्ला.

‘मीठ कमी हाय गं, बाय.’

‘ह्यांना कमीच लागतं,’ मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.