धूरकाकांचं शून्य

धूरकाकांना खरं नाव आहे, पण ते त्यांच्या बायकोलाही थोडं आठवून सांगावं लागतं. पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक केबिन, आत टेबल, कॉम्प्युटर, धूर तपासायचं यंत्र आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची. एकोणीस वर्षं हा माणूस लोकांच्या गाड्यांचा धूर तपासतोय. सायलेन्सरमध्ये नळी खुपसायची, यंत्रावर आकडा येईपर्यंत थांबायचं, कॅमेऱ्याने गाडीचा मागून फोटो घ्यायचा. पास असेल तर सर्टिफिकेट, नापास असेल तर "जा बाबा, दुरुस्त करून आण." एवढंच काम. पण एवढंसं काम सरळ करणारी माणसं किती, ते मला विचारू नका, माझं डोकं उठतं.

पुढच्या चौकातल्या केंद्राचंच बघा. तिथल्या पठ्ठ्याने नळी कायमची स्वतःच्या जनरेटरला बांधून ठेवली आहे. गाडी आली की जनरेटर चालू, आकडा हजर, सर्टिफिकेट हजर. गाडीवाल्याला खाली उतरायचीही तसदी नाही. आणि आमचे धूरकाका? सख्ख्या मेहुण्याचा टेम्पो त्यांनी नापास केला. मेहुणा दोन वर्षं बोलला नाही. काकूंनी घरात आदळआपट केली, पण काकांचं एकच पालुपद, "यंत्र म्हणालं नापास, मी कोण पास करणार?"

तर अशा माणसाकडे एके दिवशी सकाळी एक निळी गाडी आली. आली म्हणजे कधी आली तेच कळलं नाही; काकांनी वर पाहिलं तर समोर उभी. आतून कंपनीचा गणवेश घातलेली तिशीची एक बाई उतरली. चालक तीच.

"काका, सर्टिफिकेट पाहिजे. आजच्या आज. नव्या गाडीची वर्षाची सूट आज संपतेय."

काका नळी घेऊन मागे गेले. सायलेन्सर कसला, बारीकशी एक नळी होती, आणि तिच्यातून टपटप पाणी गळत होतं. काका मान हलवत म्हणाले, "बाई, इंजिनात पाणी शिरलंय. गॅस्केट गेलं. मोठा खर्च आहे."

चालकबाई हसली. "गॅस्केट नाही काका. इंजिनच नाही. हायड्रोजनची गाडी आहे ही. पाणी टाकते, धूर टाकत नाही."

काकांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्यांनी नळी घातली, बटण दाबलं. यंत्र घुर्र करत राहिलं आणि कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली: आकडा शून्य, नमुना मिळाला नाही, नोंद रिकामी.

असं कधी झालं नव्हतं. काकांनी नळी पुसली, फिल्टर बदलला, यंत्राच्या काचेच्या वाटीत पाणी साठलं होतं ते ओतून टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या मोटरसायकलला नळी लावून पाहिली, नुसतीच, नोंद न करता. यंत्राने झटकन आकडा दाखवला. म्हणजे यंत्र ठणठणीत. पुन्हा निळ्या गाडीला लावली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा शून्य, पुन्हा रिकामी नोंद.

आणि मग काकांनी बटणावरचं बोट झटकन काढलं. कारण नियम असा, की एका महिन्यात तीन रिकाम्या नोंदी झाल्या तर केंद्राचा कॉम्प्युटर आपोआप बंद होतो आणि परवाना चौकशीत जातो. नळी हवेत धरून खोटी सर्टिफिकेटं छापणाऱ्या चोरांसाठी केलेला नियम. चौकशी म्हणजे सहा महिने तरी, आणि परवाना परत मिळेलच असं नाही. काकांचं वय छप्पन्न. धूर सोडून दुसरं काही येत नाही. आणि नसता उत्साह दाखवून ते दोन नोंदी घालवूनही बसले होते.

"मला जरा नीट समजावून सांग," काका स्टुलावर टेकत म्हणाले. "ही विजेवर चालते की गॅसवर?"

"विजेवरच. पण वीज गाडीतच तयार होते. टाकीत हायड्रोजन, बाहेरून हवा, दोन्ही मिळून वीज आणि पाणी."

"मग विजेच्या गाडीला तपासणीची माफी आहे की!"

"कागदावर इंधन 'इतर' लिहिलंय. 'इतर'ला माफी नाही."

काकांनी डोकं खाजवलं. "आणि अशा गाड्या खूप येणार आहेत का?"

"कंपनी म्हणते, पाच वर्षांत हजार. तीन वर्षांपूर्वीही पाच वर्षांतच म्हणत होती." चालकबाईने खांदे उडवले. "आत्ता सहा आहेत. पाच मिनिटांत टाकी भरते, दिवसभर पळते, चालवायला लोणी. पण शहरात पंप एकच, तो आठवड्यातून दोनदा बंद. मागच्या महिन्यात मला टोचन लावून आणलं. कोणी म्हणतं छोट्या गाड्यांचं काही खरं नाही, ट्रक-बसचं जमेल. कोणी म्हणतं उलट."

"म्हणजे येणार की नाही येणार?"

"मलाच कोणी सांगितलं तर बरं होईल. आणि तो हायड्रोजन ज्या कारखान्यात बनतो ना, तिथे धुराडं आहे बरं का. पाण्यापासूनही बनतो म्हणे, पण तो महाग पडतो."

"म्हणजे धूर आहेच. फक्त माझ्या नळीपर्यंत येत नाही," काका म्हणाले. त्यांना आनंद व्हावा की भीती वाटावी, काही कळेना. सगळ्याच गाड्या अशा झाल्या तर केबिनला टाळं. आणि नाहीच झाल्या, तर ही एक गाडी आपल्यालाच कशी सापडली?

त्यांनी परिवहन कार्यालयात साहेबांना फोन लावला. साहेब जेवायला निघाले होते. "अहो, एवढं काय त्यात? दुसऱ्या कुठल्यातरी गाडीत नळी घाला, फोटोत ही गाडी दिसली म्हणजे झालं. सगळे करतात." फोन बंद.

तेवढ्यात काकू स्कूटरवरून डबा घेऊन आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "साहेब स्वतः सांगतायत ना? मग घाला माझ्या स्कूटरमध्ये नळी आणि मोकळे व्हा. नाहीतर उद्यापासून घरी बसाल माझ्या डोक्यावर!"

काकांनी नळी उचलली. मग त्यांनी स्कूटर निळ्या गाडीच्या पुढे आडवी लावली, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. नळी सायलेन्सरमध्ये घालताना दोनदा चुकली. बटण दाबलं, आकडा आला, यंत्राने बीप केलं आणि कॉम्प्युटरवर निळ्या गाडीच्या फोटोखाली ठसठशीत शब्द उमटला: नापास.



"माझी स्कूटर नापास?" काकू उसळल्या. "अहो, तुम्हीच पास केली होती!"

"तेव्हा पास होती. तू ऑइल बदललंस का? मी किती वेळा सांगितलं?"

चालकबाई आधी हसू दाबत होती, मग तिचं हसू गेलं. तिने स्क्रीन पुन्हा वाचला. "काका, म्हणजे आता नोंदीत असं राहणार, की हायड्रोजनची गाडी धूर ओकते?"

तसंच राहणार होतं. झालेली नोंद खोडायचा एकच मार्ग, त्याच गाडीची पुन्हा तपासणी. पुन्हा तपासणी म्हणजे तिसरं शून्य, म्हणजे कुलूप.

"थांबा की जरा," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "एखादी चांगली गाडी येईल पंपावर. तिच्यात घाला नळी. पास होईल, हीही सुटेल, तुम्हीही सुटाल."

"राहू दे काका," चालकबाई म्हणाली. "नापास तर नापास. ऑफिसवाले बघतील काय ते. तुमचं केंद्र कशाला बंद पडायला पाहिजे?"

बघा म्हणजे! सुटायचे दोन रस्ते दोघींनी हातात आणून दिले होते. दुसरा कोणी असता तर दोघींचे पाय धरले असते. काकांनी रुमालाने चेहरा पुसला. त्यांना काहीच धड समजत नव्हतं. ही गाडी उद्याची आहे की चार दिवसांची हौस, कारखान्यातला धूर मोजायचा कोणी, नियम बरोबर की साहेब बरोबर. डोक्याचा नुसता भुगा झाला होता. त्यातल्या त्यात एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती, कारण ती त्यांनी स्वतःच्या यंत्रावर दोनदा पाहिली होती. या गाडीला धूर नाही.

"यंत्र शून्य म्हणालं," ते म्हणाले. "मी कोण नापास करणार?"

त्यांनी नळी निळ्या गाडीला लावली आणि बटण दाबलं.

नापास पुसलं गेलं. शून्य आलं. आणि मग कॉम्प्युटरचा पडदा करडा झाला: केंद्र बंद. कारण, वाहन तपासल्याचा पुरावा नाही.

चालकबाईने वाकून काकांना नमस्कार केला आणि सर्टिफिकेट न घेताच आवाज न करता निघून गेली.

लगेच एक टेम्पो आला, मागे काळ्या धुराचा लोट घेऊन. "काका, सर्टिफिकेट!"

"बंद आहे."

"आता काय झालं?"

"सकाळी एक गाडी स्वच्छ निघाली."

टेम्पोवाल्याने काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो मग माझी तपासा ना, माझी भरपूर धूर टाकते!"

टेम्पो पुढच्या चौकात गेला आणि पाच मिनिटांत ताजं सर्टिफिकेट काचेला चिकटवून, हॉर्न वाजवत परत गेला. काका बघत राहिले.

"माझं नेमकं काय चुकलं, तेवढं सांग गं मला," ते म्हणाले.

न उघडलेला डबा काकूंनी पिशवीत परत घातला, केबिनचं शटर स्वतः ओढलं, कुलूप लावलं. स्कूटरपाशी जाऊन किल्ली फिरवली आणि लगेच बंद केली. स्टँड काढून त्या स्कूटर हाताने ढकलायला लागल्या.

"अगं, चालू कर की! घर दोन मैलांवर आहे."

"नापास गाडी रस्त्यावर चालवायची नाही ना?" काकू मागे न बघता म्हणाल्या. "तुमच्याच यंत्राने सांगितलंय. उभे काय राहिलात, हात लावा मागून."