ज्यानं लिहिलं, त्यानंच पुसायचं

बापू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. ती पुरी केली, चहा घेतला आणि मग निघालो. लहानपणापासूनचा शेजार, पण शेवटची काही वर्षं आमचं बोलणं बंद होतं. शोकसभेत मंगळवार पेठेनं त्याचं इतकं कौतुक केलं की मला त्याचीच एक व्याख्या आठवली... ‘शोकसभा : ज्याला जिवंतपणी टाळलं, त्याच्याबद्दल भरभरून बोलायची जागा.’ मी तिथं बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय.

बापूचं सायकलचं दुकान चौकातल्या तालमीला लागून. तालमीच्या भिंतीवरच्या फळ्यावर तो रोज सकाळी एखादा साधा शब्द घ्यायचा आणि त्याची व्याख्या लिहायचा. ‘पाहुणा : निघतो म्हणून तासभर उंबऱ्यात उभा राहणारा.’ ‘अध्यक्ष : हारासाठी मान कायम तयार ठेवणारा.’ दूध आणायला निघालेली माणसं थांबून वाचायची, हसायची. मीही हसायचो, कारण तोवर त्यात माझं घर आलं नव्हतं. फळ्याचा नियम पेठेनंच घालून दिला होता, ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं.

माझी मुलगी सुनीता नवऱ्याचं घर सोडून परत आली, त्याच आठवड्यात फळ्यावर झळकलं, ‘माहेर : चार दिवस लाड, पाचव्या दिवशी चौकशी.’ एवढं लिहून गडी बहिणीकडच्या लग्नाला बिद्रीला निघून गेला. फळा आठवडाभर तसाच... मी ओलं फडकं घेऊन गेलो तर तालमीतल्या जाणत्यांनी हात धरला. सुनीता कामावर जाताना चौक टाळून मागच्या बोळानं जाऊ लागली, ती पुढची कितीतरी वर्षं. बापू परत आल्यावर मी दुकानात जाऊन जाब विचारला. चाक फिरवत तो म्हणाला, “मी पेठेला हाणलंय, तुझ्या पोरीला न्हाय.”

“पेठ हसली की रं. रडली कोण?” मी म्हणालो.

त्यानं चाकाच्या तारा आवळायला घेतल्या. जगातल्या सगळ्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या त्या शहाण्याला ‘चुकलं’ एवढा एक शब्द सापडला नाही. हुशार होता, हे मान्य. पण त्याच्या हुशारीची किंमत माझ्या लेकीनं मोजली, आणि ते मी तो मेला म्हणून विसरणार नाही.

त्याची शेवटची व्याख्या होती, ‘चालणं : डॉक्टरांनी सांगितल्यावर सुरू होतं, मिसळीच्या दुकानापाशी संपतं.’ लिहिणाराच गेल्यावर पुसणार कोण? पेठेनं फळ्याला हार घातला आणि अक्षरं तशीच जपायचं ठरवलं. मागच्या आठवड्यात सुनीता मुद्दाम चौकातून आली. मी तिथंच कट्ट्यावर होतो. तिनं गाडी लावली, बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि फळा पार कोपऱ्यापर्यंत पुसून काढला. तालमीतला एक म्हातारा उठला. “पोरी, ज्यानं लिवलं त्यानंच पुसायचं असतंय.”

“वाट बघितली की काका, लई वर्षं,” ती म्हणाली.

तो खाली बसला. सुनीता आता रोज चौकातूनच जाते. फळा कोरा आहे. सकाळी दूध आणायला निघालो की माझी मान मात्र अजून तिकडं वळते... आणि बापूचा राग नव्यानं येतो.