हिमगौरीची यादी

नाथाजी जगदाळ्यांचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्यापायीच त्यांचा धंदा गेला.

फौजेत ते वीस वर्षं हवालदार क्लार्क. लढाई त्यांनी पाहिली नाही; लढाईला गेलेल्या वस्तू परत आल्या की नाहीत, एवढं पाहिलं. कांबळी, डेगच्या, तंबूच्या मेखा. मोजता येईल ते लिहायचं. यादी संपली की खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढायची आणि लिहायचं, ‘यादी समाप्त. याखेरीज काही नाही.’ म्हणजे मागाहून कुणी एखादी डेगची घुसडू शकत नाही. ही रेघ त्यांच्या हाताला अशी बसली की मुलीच्या लग्नातल्या यादीवरही त्यांनी ती ओढली. ‘याखेरीज काही नाही’ हे वाचून व्याही सकाळपर्यंत जेवले नाहीत. नाथाजींना त्यात चूक काय झाली ते कधीच कळलं नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी पेन्शन घेऊन ते कराडला आले आणि काही दिवसांतच हिमगौरी भरायला लागले.

हिमगौरी म्हणजे आल्यालिंबाचा सोडा, हिरव्या काचेच्या बाटलीतला. सांगलीच्या बाबगोंडा मगदुमांनी तो साठेक वर्षांपूर्वी काढला. मगदूम जैन. जमिनीखाली वाढलेलं त्यांच्या स्वयंपाकघरात येत नाही, त्यात आलंही आलं. तेव्हा साताऱ्याकडून पोत्यांनी आलं आणणाऱ्या या कारखानदारानं आपला माल जन्मात चाखला नाही. चव बघायला त्यांनी एक मराठा गडी पगारावर ठेवला होता. लेबलवर बर्फाच्या डोंगरावर नऊवारी नेसून बसलेली एक गोरीपान बाई. लडाखात दोन हिवाळे काढलेले नाथाजी म्हणत, “एवढा वेळ बसली असती, तर उचलायला चौघं लागलं असतं.”

बाबगोंडांचा आपल्या भावांवर विश्वास नव्हता, आणि तो न ठेवण्यात ते बरोबर होते. उद्या वाटण्या झाल्या तर नावाचेही तुकडे पडतील, म्हणून त्यांनी हिमगौरीचं नाव, चित्र, अक्षरांचं वळण असा सगळा ट्रेडमार्क बायकोच्या, म्हणजे आक्काताईंच्या, नावावर नोंदवून टाकला. भाऊ पुढं विहीर, ट्रक आणि द्राक्षबाग घेऊन गेले. नाव घरात राहिलं. मग मुंबईची एक मोठी कंपनी आली. तिनं दुकानदारांना फुकट फ्रीज वाटले आणि त्या फ्रीजमध्ये परकी बाटली ठेवायची नाही, असं बजावलं. दोन उन्हाळ्यांत सांगलीचा कारखाना बंद पडला, तिसऱ्यात बाबगोंडा गेले. मुलगा अजितकुमार व्यवहारी होता. बापाचं सुतक फिटल्यावर त्यानं त्याच कंपनीची एजन्सी घेतली.

अशा वेळी नाथाजी सांगलीला आक्काताईंपुढं जाऊन उभे राहिले. लहानपणी कराडच्या स्टँडवर प्यालेली हिमगौरी त्यांच्या जिभेवर होती, आणि हातात पेन्शनचा एकरकमी आकडा होता.

आक्काताई म्हणाल्या, “भरा की. नाव कुजत पडन्यापरीस बाजारात फिरंल. मी हाय तंवर तुमीच भरायचं, हवालदार.”

शब्द झाला, पण नाथाजींना कागद लागतो. त्यांनीच ठरवलं की परवाना एका वर्षाचा, दर अक्षय्य तृतीयेला नवा. त्या दिवशी हंगामातला पहिला क्रेट घेऊन सांगलीला जायचं, आक्काताईंनी एका बाटलीला बोट लावायचं आणि स्टँपपेपरवर सही करायची. क्रेट मग शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला जाई, कारण घरात तो पिणारं कुणी नव्हतं. कराडपासून पाटणपर्यंत आणि इकडं इस्लामपूरपर्यंत हिमगौरी पुन्हा दिसायला लागली. नाथाजींनी पाठीवर क्रेट वाहिले, मशीनच्या वायसरा स्वतः बदलल्या, आल्याचं माप स्वतःच्या डोक्यात ठेवलं. पाहुण्यांत ते ‘हिमगौरीवाले’ झाले. धाकटा भाऊ त्यांना हिमगौरीचा नवरा म्हणे, आणि चंद्राबाई, म्हणजे खरी बायको, म्हणत, “व्हय, सवतच हाय माजी. पर मिळवती हाय.”

मग सात वर्षांपूर्वीचा तो चातुर्मास आला.

सांगलीजवळच्या एका गावात मुनिमहाराजांचा मुक्काम होता. आक्काताई तेव्हा ऐंशी पार केलेल्या. त्यांनी परिग्रहाची मर्यादा घालून घ्यायचं ठरवलं. म्हणजे आपल्याजवळ यापुढं अमुक एवढ्याच वस्तू असतील असं महाराजांसमोर सांगायचं, आणि बाकी सगळ्यावरचा हक्क सोडायचा. त्यासाठी यादी हवी. रिकाम्या बाटल्या न्यायला नाथाजी नेमके त्या दिवशी आले होते. आक्काताई म्हणाल्या, “आमच्या अजितचं अक्षर म्हंजे मुंग्या. तुमी लिवा.”

नाथाजींनी खिशातलं पेन काढलं. लुगडी चार. चटई एक. तांब्या एक. पाणी गाळायचं फडकं, दोन. जपमाळ एक. मागच्या अंगाची खोली, राहण्यापुरती. प्रत्येक वस्तूपुढं नग, आणि नगापुढं ‘चालू हालतीत’.

आक्काताईंनी मध्येच विचारलं, “आनि ती बाटलीवरची बाई?”

नाथाजींनी पेन उचलून क्षणभर विचार केला. मग हसून म्हणाले, “ती कशी लिवायची, आक्का? नाव हाय नुसतं. हातात धरता येत न्हाई, मोजता येत न्हाई. ती काय स्टोअरातली चीज न्हवं.”

“बरं,” आक्काताई म्हणाल्या.

नाथाजींनी खाली तिरपी रेघ ओढली आणि झोकदार अक्षरात लिहिलं, ‘यादी समाप्त. याखेरीज जगातील कोणत्याही गोष्टीवर माझा हक्क नाही.’ फौजेतल्या वाक्यापेक्षा हे थोडं लांब झालं, पण प्रसंग धार्मिक होता. आक्काताईंनी सही केली. मंडपात यादी वाचून दाखवली तेव्हा अक्षराचं कौतुक झालं. नाथाजी खुशीत कराडला परतले आणि चंद्राबाईंना म्हणाले, “आज एक पुण्याचं काम झालं बग.”

पुढच्याच आठवड्यात अजितकुमारनं आईपुढं ट्रेडमार्क आपल्या नावावर करून घेण्याचा कागद ठेवला. तिनं सोडलेल्या गोष्टी कुणी तरी उचलायला हव्यात, असं तो म्हणाला. आक्काताईंनी सही केली. अजितकुमारनं हे कुणाला सांगितलं नाही. तेव्हा हिमगौरीला कवडीचं मोल नव्हतं, पण जागा अडवत नाही ती वस्तू ठेवून द्यावी, असा त्याचा स्वभाव. नाथाजी पुढं सात अक्षय्य तृतीया क्रेट घेऊन येत राहिले, आणि आक्काताई बाटलीला बोट लावून सही करत राहिल्या.

यंदा पुण्याच्या एका कंपनीला जुन्या थंड पेयांचं प्रेम आलं. आजोबांच्या वेळच्या बाटल्या शहरातल्या महागड्या हॉटेलांत खपतात, असं तिच्या लक्षात आलं होतं. अजितकुमारनं हिमगौरी विकली. आणि वैशाखात, ऐन भराच्या दिवसांत, नाथाजींना नोटीस आली. आपण सात वर्षं विनापरवाना, नकली हिमगौरी बाजारात विकत आहात. उत्पादन बंद करावं आणि सर्व माल नष्ट करण्यासाठी ताब्यात द्यावा.

नाथाजींनी ‘नकली’ या शब्दाखाली पेनानं रेघ मारली आणि सगळे परवाने घेऊन कराडच्या वकिलाकडं गेले. वकिलानं ते चाळून विचारलं, “सह्या कुणाच्या?”

“मालकिणीच्या.”

“मालकी सात वर्षांपूर्वी गेलीय की, आबा. हे सात कागद म्हणजे शेजारणीनं सही केल्यासारखं.” मग त्यालाच वाईट वाटलं असावं. “एक वाट हाय. म्हातारीनं एवढंच म्हणावं, की हिमगौरी मी सोडली नव्हती, मुलाच्या कागदावर न कळता सही केली. एक वाक्य. त्यावर मी त्यांना धा वर्षं खेळवतो.”

नाथाजी त्याच दुपारी सांगलीला निघाले. क्रेट न घेता सांगलीला जायची ही पहिलीच खेप. रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्यांना एसटीत सुचेना.

आक्काताई सूर्य बुडायच्या आत जेवून चटईवर बसल्या होत्या. चार लुगड्यांपैकी एक अंगावर, एक दोरीवर. अजितकुमार दारातच होता. “या, हवालदारसाहेब. चहा टाकायला सांगू? तुमची यादी कंपनीच्या वकिलांना फार आवडली बरं का. म्हणाले, इतका स्वच्छ कागद आम्ही पाहिला नाही. मी लॅमिनेट करून दिला.”

नाथाजी त्याच्याशी बोललेच नाहीत. आक्काताईंपुढं बसले. “आक्का, एक वाक्य पायजे तुमच्याकडनं.”

“घ्या की. वाक्याला काय तोटा?”

“हिमगौरी मी सोडली न्हवती, आसं म्हना.”

आक्काताईंनी विचारलं, “यादीत हुती का?”

“न्हाई. पर तुमच्या मनात हुती. तुमी इचारलं न्हवतं का मला, ती बाटलीवरची बाई म्हनून?”

“इचारलं. तुमी म्हनला, ती मोजायची चीज न्हवं. मी तुमचं ऐकलं. वर तुमीच लिवलं, कशावर हक्क न्हाई. म्हाराजांफुडं वाचलं. आता न्हाई म्हनू?”

“मग सात वर्सं सह्या कशाला केल्या, आक्का?”

“तुमी दर साली येवढ्या लांबनं यायचा, क्रेट आनायचा, कागद फुडं करायचा. मला वाटायचं, ह्यो तुमचा नेम हाय. दुसऱ्याचा नेम मोडू ने.”

नाथाजी चटईजवळ सरकले. “आनि शब्द? मी हाय तंवर तुमीच भरायचं, म्हनला हुता की.”

“दिला हुता,” आक्काताई शांतपणे म्हणाल्या. “पर त्योबी यादीत लिवला न्हाई तुमी.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, उपरोध नव्हता. राग त्यांनी त्याच मंडपात सोडला होता. दारातून अजितकुमार म्हणाला, “शेवटची कराड गाडी सुटेल, हवालदारसाहेब.”

आठ दिवसांनी पुण्याच्या कंपनीची बाई कराडला आली. संयोगिता तिचं नाव. तरुण, नम्र, बरोबर टेंपो आणि दोन हमाल. ती म्हणाली, “काका, ताब्यात घेतलेल्या मालाची यादी लागेल. मी टाइप करते.”

“टाइप कशाला?” नाथाजी म्हणाले, “मी लिवतो.”

त्यांनी लिहिलं. मशीन एक, चालू हालतीत. बाटल्या, भरलेल्या. बाटल्या, रिकाम्या. बुचं, लेबलं, क्रेट. मग पेन थांबवून ते म्हणाले, “आल्याचं माप माज्या डोक्यात हाय. ते काय मी लिवून देनार न्हाई.”

गेले आठ दिवस ते या एका वाक्यावर जगत होते. चंद्राबाईंना त्यांनी सांगून ठेवलं होतं की मापासाठी तरी कंपनीला गुडघ्यावर यावंच लागेल.

“अहो, ते नकोच आहे आम्हाला,” संयोगिता मनापासून म्हणाली. “आमचा फ्लेवर गुजरातहून येतो. आलं पुण्यात चालत नाही, फार झणझणतं. आम्हाला फक्त नाव हवं होतं.”

नाथाजींनी मान हलवली. कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढली. ‘यादी समाप्त. याखेरीज काही नाही.’ खाली छापलेल्या ओळीवर, ‘अनधिकृत उत्पादक’ या शब्दांपुढं, सही केली. सही नेहमीसारखीच देखणी आली.

हमालांनी क्रेट भरले. निघताना संयोगिता पाणी प्यायला घरात आली आणि तिला देवळीत, खंडोबाच्या टाकाशेजारी, एक हिरवी बाटली दिसली. पहिल्या घाण्यातली पहिली, हळदीकुंकू लावलेली.

“ती ऱ्हाऊ द्या, बाई,” चंद्राबाई पुढं होत म्हणाल्या. “देवाची हाय.”

“राहू दे की. एकीनं काय होतंय!” संयोगिता हसून म्हणाली.

नाथाजींनी दोघींकडं पाहिलं. मग चप्पल काढून ते देवळीपाशी गेले आणि बाटली उचलली.

“आवं, ती म्हनतीया न्हवं ऱ्हाऊ द्या म्हनून!” चंद्राबाईंनी त्यांचं मनगट धरलं. “डोसकं फिरलंया का तुमचं?”

“यादी बंद झालीया,” नाथाजी म्हणाले. “हितं ठेवायची तर माजी म्हनून लिवाय पायजे. ती माजी न्हाई.”

त्यांनी मनगट सोडवलं, अंगणात जाऊन बाटली टेंपोतल्या वरच्या क्रेटमध्ये उभी केली. क्रेट भरलेला होता, जागा नव्हती. पहिल्याच वळणावर ती घसरून रस्त्यावर फुटली. अठ्ठावीस वर्षांचं आलं. वास गल्लीभर सुटला. संयोगितानं नाकाला रुमाल लावला आणि टेंपोची काच वर केली.