खिडकीतून वाचलेली ओवी

दिनांक १० एप्रिल २०२४. रुपये १७०, पान दुरुस्ती आकार. जुन्नरच्या आमच्या वाचनालयाच्या पावतीपुस्तकात ही नोंद माझ्या हातची आहे. नाव बिरदेव सयाजी, राहणार लोणी, तालुका आंबेगाव.

मी इथला हिशेबनीस. ग्रंथपालाची जागा बरीच वर्षं रिकामी आहे, त्यामुळे दुर्मीळ कागदपत्रांचं कपाट आणि त्यापुढचं टेबलही मीच सांभाळतो. नियम फलकावर लिहिले आहेत. हात धुऊन कोरडे करावेत, शाईचं पेन आणू नये, सामान बाहेर ठेवावं, कागद टेबलावरून हलवू नयेत, शांतता राखावी.

बिरदेवबाबांची पहिली अडचण सामानापाशीच झाली. लोकरीत कसर असते म्हणून घोंगडं आणि काठी मी दाराशी ठेवायला लावली. त्यानंतर हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस जन्मभर मेंढरांमागे चाललेला. मेंढरं आता धाकटा भाऊ राखतो, तरी पाय काही थांबायला तयार नव्हते.

काम मात्र त्यांनी नीट सांगितलं. गावच्या बिरोबाच्या जत्रेत देवाची मोठी ओवी त्यांचे वडील सयाजी म्हणत. वडील गेल्यावर मान बिरदेवबाबांकडे आला, पण त्यांना ओवी अर्धीच येते. देवाची मेंढरं घोड नदीच्या काठाला येऊन थांबतात, तिथून पुढचं आठवत नाही. सुरू केलेली ओवी अर्धी सोडायची नाही अशी रीत आहे, म्हणून दोन वर्षं ते लहान ओवी म्हणून वेळ मारून नेत होते. यंदा जत्रेचे कारभारी दादाभाऊ यांनी बजावलं होतं की मोठी ओवी झाली नाही तर तुमच्या घरचा मानाचा ढोल पारनेरकडच्या मंडळींना देऊ. जत्रा रविवारी होती.

लोणीच्या शाळेतल्या सावळेराम गुरुजींनी ही ओवी सयाजींच्या तोंडून ऐकून शिसपेन्सिलीने उतरवली होती. गुरुजींच्या मुलाने त्यांच्या वह्या आमच्याकडे दिल्या, ते बाबांना कुठूनतरी कळलं होतं. त्यांना वाचता येत नाही. मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं.

मी वही काढली, मऊ कापडावर ठेवली, पहिलं पान उघडलं. चष्मा लावतो तोवर बाबांनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला आणि पानाला लावला, वर अंगठ्याने दाबला. देवाचं नाव घेण्याआधी करायचं ते त्यांनी केलं होतं. माझ्यासमोर पन्नास वर्षांचा ठिसूळ कागद पिवळा झाला.

नियमाप्रमाणे वाचन बंद करून प्रकरण समितीपुढे ठेवायचं. समितीची बैठक महिनाअखेरीला होती. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते दाराशी जाऊन घोंगडं उचलू लागले.

"भंडाऱ्याबिगर कसं वाचायचं, सायेब? देवाचंच हाय ना त्ये?"

मी नियमावली पुन्हा काढली. दुरुस्ती आकार भरून घेतल्यास प्रभारीने वाचन चालू ठेवण्यास हरकत नाही, असं एक कलम निघालं. मी पावती फाडली. त्यांच्याकडे गाडीभाडं सोडून दीडशे निघाले.

दुसऱ्या दिवशी ते लोणीहून मंचर, मंचरहून नारायणगाव आणि पुढे वडाप जीपने आले. मी हळू आवाजात वाचत होतो. शेजारच्या टेबलावर प्राची नावाची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने दोनदा मान वर केली, मग बोललीच.

"काका, बँकेचं स्टेटमेंट वाचल्यासारखं वाचताय. यानं देव यायचा नाही."

बाबा हसले नाहीत. त्यांचा गुडघा टेबलाखाली हलत होता. मी एक ओळ वाचायचो, ती त्यांना म्हणता यायची, पुढची वाचली की मागची जायची. दुपारपर्यंत मेंढरं काठालाच होती.

"बसून डोक्यात शिरंना. सुटतंय सगळं," ते म्हणाले.

मी पान उलटलं. पुढचं अक्षर एकदम बिघडलेलं होतं, ओळी वरखाली गेलेल्या. समासात गुरुजींनी लिहिलं होतं, "येथे सयाजी उठला. बसून सांगता येईना. पुढील भाग त्याच्याबरोबर चालता चालता उतरवला."

मी ते वाचून दाखवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

वही टेबलावरून हलवता येत नाही. टेबल हलवू नये असा नियम नाही. मी आणि प्राचीने टेबल खिडकीशी नेलं. खिडकीबाहेर ओटा आहे. बाबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि ओट्यावर फेऱ्या घालू लागले. खिडकीशी आले की मी मोठ्याने ओळ द्यायचो, ती ते पलीकडच्या टोकाला नेऊन परत आणायचे.

"मेंढरं आली काठाला, पाणी लागलं पोटाला."

"पाणी लागलं पोटाला," बाबा म्हणायचे आणि वळायचे.

रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. आता समितीचं कोणी येईल या धास्तीने माझं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. शुक्रवारी आणि शनिवारीही असंच चाललं. शनिवारी तिसऱ्या प्रहरी मेंढरं नदीपलीकडे गेली, ओवी पुरी झाली. बाबा वळले ते खिडकीशी न थांबता तसेच फाटकाबाहेर, नारायणगावच्या जीपकडे गेले. मी वही मिटून कपाटात ठेवली.

रविवारी काही सुचलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्या नातीचा, सुप्रियाचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

"आज्यानं सगळी म्हनली. मधी एकदा थांबला व्हता, मग देवळाभवती चालाय लागला. लोकबी त्याच्या मागं. दादाभाऊ म्हनले, ढोल तुमच्याच घरी राहू द्या."

महिनाअखेरच्या बैठकीत मी डाग पडलेलं पान आणि पावती दोन्ही दाखवली. भंडारा काढायला गेलं तर शिसपेन्सिलीचं अक्षर जाईल म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने पान तसंच ठेवलं आहे. दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय, कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या ते अजून ठरलेलं नाही.

बिरदेव सयाजी यांच्याकडून वीस रुपये येणे आहेत.